सेवेचीही समीक्षा हवी

कुटुंबव्यवस्था हा हिंदू समाजाचा कणा आहे, असे आपण व्यासपीठावरून आणि बैठकांतून वारंवार सांगतो. ते खरेच आहे. अनेक पाश्चात्त्य देशांत वृद्ध आणि परावलंबी माणसांचा भार मोठ्या प्रमाणावर शासनाच्या व संस्थांच्या खांद्यावर गेला. आपल्याकडे तो अजून घराने उचलून धरला आहे, याचा सार्थ अभिमानही आपण बाळगतो. परंतु अभिमान बाळगणाऱ्याने अधूनमधून आपल्याच घराच्या आतल्या खोलीत डोकावलेही पाहिजे. घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, त्याला कोठे नेऊन टाकलेले नाही, एवढ्यावरून त्याची शुश्रूषा चांगली होत आहे असा निष्कर्ष काढता येतो काय? प्रश्न गैरसोयीचा आहे. पण तो दुसऱ्या कोणी विचारण्याआधी आपणच स्वतःला विचारलेला बरा.

हा प्रश्न विचारण्याची पात्रता मला एका चुकीने आणून दिली. २०१६ च्या उन्हाळ्यात माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळण्याची शक्ती गेली. रुग्णालयातून घरी आणले तेव्हा नाकात अन्नाची नळी होती, लघवीची नळी होती आणि हाती दिलेल्या कागदावर अकरा औषधांची नावे होती. सिडकोतील आमच्या घराची पुढची खोली रिकामी करून तेथे पलंग टाकला. दिवसा ब्युरोमार्फत आलेल्या एक मावशी असत. रात्री पत्नी आणि मी आळीपाळीने जागत असू. भेटायला येणारे नातलग, शेजारी, शाखेतील मंडळी म्हणत, ‘आजींचे भाग्य मोठे! हल्ली इतके कोण करते?’ ते ऐकून बरे वाटे.

दुसऱ्या महिन्यात नळी बदलायला आलेल्या परिचारिकेने आईला कुशीवर वळवले. माकडहाडावर काळपट, ओलसर जखम होती. बोटाचे पेर आत जावे एवढी खोल. तिने वर न पाहता विचारले, ‘यांची कूस शेवटची कधी बदलली?’ मावशी म्हणाल्या, ‘सकाळी.’ पत्नीला वाटत होते, दुपारी मावशींनी बदलली असेल. मला वाटत होते, दोघींपैकी कोणी तरी बदलतच असणार. खोलीत नेमके उत्तर एकाजवळही नव्हते. आईला ते ठाऊक होते. पण तिची वाचा गेलेली होती. ती जखम भरून यायला साडेतीन महिने लागले. आमच्या मायेत उणे काही नव्हते. उणीव होती ती पाहण्याची, लिहून ठेवण्याची आणि बाहेरच्या कोणी जाणत्याने येऊन विचारण्याची.

घराचे झालेले रुग्णालय

पूर्वीही घरात म्हातारी माणसे अंथरूण धरत. परंतु तेव्हाच्या वाड्यात करणारे हात पुष्कळ असत आणि वैद्यकशास्त्राचे सामर्थ्य मर्यादित असल्याने ते अंथरूण बहुधा फार दिवसांचे नसे. आज पक्षाघात, मेंदूला झालेली इजा, मज्जारज्जूची दुखापत यांतून माणसे वाचतात आणि वर्षानुवर्षे जगतात. सेरेब्रल पाल्सी असलेली मुले तिशी-चाळिशी गाठतात. स्मृतिभ्रंशाचे आजीआजोबा आठ-आठ, दहा-दहा वर्षे घरात वावरतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्या नागरिकांची संख्या एक कोटी अकरा लाखांच्या घरात होती आणि दिव्यांग व्यक्ती २९ लाख ६३ हजारांहून अधिक होत्या. देशात स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असलेल्या साठीपुढील व्यक्ती ८८ लाख असाव्यात, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. या सर्वांनाच गुंतागुंतीची शुश्रूषा लागते असे नाही. पण ज्यांना लागते त्यांच्यापैकी बहुतेक जण कोणत्याही रुग्णालयात नाहीत. ते आपल्या घराच्या आतल्या खोलीत आहेत.

आणि ही शुश्रूषा म्हणजे केवळ जवळ बसणे, डोक्यावरून हात फिरवणे नव्हे. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच हवी आणि नंतरही काही वेळ तशीच ठेवली पाहिजे. अन्यथा अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. पक्षाघात झालेला हात धरून ओढत रुग्णाला उठवले तर खांदा निखळतो. गळ्याला छिद्र पाडून बसवलेली नळी साफ करायला काही क्षण उशीर झाला तरी जीव घाबरा होतो. हे सारे रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिका करतात. घरी पाठवताना तेच काम आपण एखाद्या गृहिणीवर सोपवतो आणि शिकवणीसाठी तिला जिन्यातली दहा मिनिटे देतो.

आपल्या संभाजीनगरचे चित्र पाहा. १९५६ पासून उभे असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, जालना, बीड, परभणीपासूनच्या रुग्णांचा आधार आहे. तेथून घरी सोडलेला माणूस ज्या खेड्यात परततो तेथे बहुधा त्याची पत्नीच परिचारिका, तीच आया आणि तीच शेतावर जाणारी मजूर असते. वाळूजच्या कामगार वस्तीत एका खोलीत पलंग, चूल आणि मुलांचा अभ्यास असतो. उल्कानगरी, ज्योतीनगर, समर्थनगर येथील प्रशस्त घरांत जागा आहे, पैसा आहे. पण मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत आहेत आणि पंचाहत्तरीचे पती सत्तरीच्या पत्नीची कूस बदलत आहेत. त्यातच या शहराने जायकवाडीसारखे धरण जवळ असूनही काही दिवसांआड येणाऱ्या नळावर वर्षानुवर्षे काढली. ज्या घरात रोज तीन चादरी भिजतात, त्या घरी पाण्याची पाळी चुकणे म्हणजे काय, हे त्या घरातल्या बाईला विचारावे.

झाकली मूठ

इतके अवघड काम घराघरांत चालते आणि ते कसे चालते हे कोणी पाहत नाही. याची कारणे आपल्या स्वभावात आहेत. पहिले कारण असे की, सेवा हे आपण पुण्यकर्म मानतो; पुण्याचा हिशेब मागणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. सून रात्रंदिवस राबते आहे, तिला ‘पाठ पाहू का?’ असे विचारले तर तिचा अपमान होईल, या भीतीने नणंद गप्प बसते. नणंदेने विचारलेच तर ते टोमण्यासारखे लागते, हेही तितकेच खरे. दुसरे कारण पाहुण्यांचे. पाहुणे येणार म्हटले की चादर बदलली जाते, उदबत्ती लावली जाते, केस विंचरले जातात. पाहुण्यांना चादर दिसते; चादरीखालचे दिसत नाही. तिसरे कारण सर्वांत दुःखद आहे. ज्याची शुश्रूषा चालली आहे तो बोलू शकत नाही. किंवा बोलू शकत असला तरी बोलत नाही. ‘तक्रार केली आणि आहेत ती माणसेही दुखावली तर?’ हा विचार त्याच्या मनात सतत असतो. त्याचे समाधान आपण त्याच्या मौनावरून ठरवतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण व्यवहारात ठीक असेल. रुग्णाच्या खोलीत ती घातक आहे. पंढरीच्या पुंडलिकाची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. दारी प्रत्यक्ष परमेश्वर आला तरी त्याने हातातली माता-पित्यांची सेवा सोडली नाही; वीट भिरकावली आणि देवाला थांबायला सांगितले. आपण नेमके उलटे करतो. पाहुणा आला की त्याच्या चहापाण्यासाठी आजाऱ्याला थांबवतो. पुंडलिकाची सेवा श्रेष्ठ ठरली, कारण त्याचे लक्ष पाहणाऱ्याकडे नव्हते. ज्यांची सेवा चालली होती त्यांच्याकडे होते.

कायदा काय मोजतो?

आपले कायदे या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येतात आणि थांबतात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये संसदेने कायदा केला. मुलांनी सांभाळण्यास नकार दिला तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, निर्वाहभत्ता मिळतो, टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. हे आवश्यकच होते. परंतु ज्याला टाकलेले नाही, दरमहा ज्याच्यावर हजारो रुपये खर्च होत आहेत, तरीही ज्याच्या पाठीला जखमा आहेत, त्याच्यासाठी त्या कायद्यात फारसे काही नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी हा कायदा झाला. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी ज्या स्थानिक समितीत असतो, ती समिती अशा सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पालकाने त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्चाचा हिशेब सादर करायचा असतो. पालकाने छळ किंवा हेळसांड केली तर त्याला काढून टाकण्याचीही तरतूद आहे. पण त्यासाठी आधी कोणी तरी तक्रार करावी लागते. म्हणजे घर-शेताचा हिशेब नियमाने येतो आणि देहाचा हिशेब तक्रार झाली तरच! बोलता न येणाऱ्याच्या बाबतीत ही तक्रार करणार कोण?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. ज्यांना दैनंदिन जीवनात सघन आधाराची गरज आहे, अशांसाठी स्वतंत्र तरतूद केली. अर्ज करणाऱ्याची गरज मूल्यांकन मंडळाने तपासावी असे म्हटले. त्यांची काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याचाही उल्लेख सामाजिक सुरक्षेच्या कलमात आहे. हे कलम किती कुटुंबांना माहीत आहे? आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, ही मोठीच गोष्ट झाली; पण ते संरक्षण मुख्यतः रुग्णालयातील उपचारांचे आहे. रुग्णालयातून घरी आल्यानंतरची वर्षे घरानेच काढायची असतात. घरी माणसे पाठवणाऱ्या ब्युरोंची गोष्ट तर निराळीच. नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा महाराष्ट्रात १९४९ पासून आहे. परंतु तो जेथे रुग्ण ठेवले जातात त्या जागांसाठी आहे. एक टेबल, एक दूरध्वनी आणि वीस बायकांची नावे लिहिलेली वही एवढ्या भांडवलावर चालणारा ब्युरो त्या चौकटीत बसत नाही. आलेली मावशी काल कोठे कामाला होती, तिला नळी हाताळता येते की नाही, हे विचारण्याची सोय नाही आणि बहुतेकांना ते सुचतही नाही.

जगाकडून काय घ्यावे?

जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी विमायोजना सुरू केली. तेथे पैसे देण्याआधी त्या व्यक्तीची गरज मोजली जाते, तिची श्रेणी ठरते आणि त्या श्रेणीनुसार सेवेची आखणी करणारा स्वतंत्र जाणकार असतो. इंग्लंडमध्ये घरोघर शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांची तपासणी एक आयोग करतो. तो पाच गोष्टी विचारतो: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, जिव्हाळ्याची आहे का, गरजेप्रमाणे बदलणारी आहे का आणि तिचे व्यवस्थापन नीट आहे का. त्यावरून संस्थेला श्रेणी मिळते आणि ती जाहीर केली जाते. पण त्याच इंग्लंडमध्ये पंधरा मिनिटांच्या भेटींवरून मोठा गदारोळ झाला. परिचारिका यावी, घड्याळ लावावे, वृद्धाला उठवून, धुऊन, खाऊ घालून पंधराव्या मिनिटाला दुसऱ्या दारी जावे, असा तो प्रकार होता. तेथे मोजमाप आहे, पण बसायला वेळ नाही. आपल्याकडे बसायला माणूस आहे, पण मोजमाप नाही. दोघांनीही एकमेकांकडून शिकण्यासारखे आहे.

अधिक जवळचे उदाहरण केरळचे. तेथील राजकारणाशी आपला मतभेद कितीही असो, एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. १९९३ मध्ये कोझिकोड येथे वेदनाशमनाचे जे काम सुरू झाले, त्यातून शेजाऱ्यांनीच शेजारच्या रुग्णाकडे पाहण्याची एक पद्धत उभी राहिली. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी यांना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांनी आठवड्यातून ठरावीक वेळ अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचे आणि अडचण दिसली तर परिचारिकेला किंवा डॉक्टरांना कळवायचे. २००८ मध्ये तेथील सरकारने याला धोरणाचे रूप दिले आणि पंचायतींनी ते काम अंगावर घेतले. हे काम समाजाच्या आधाराने उभे राहिले, शासन मागाहून आले. सेवाकार्याची हीच पद्धत आपणही सांगत आलो आहोत.

कशावरून ओळखावे?

शुश्रूषा चांगली आहे की नाही, हे ठरवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. वैद्यकीय सेवेची प्रत तपासताना रचना, प्रक्रिया आणि परिणाम या तीन अंगांनी पाहावे, असे अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडले. तेच सूत्र आपल्या खोलीला लावता येते. साधने काय आहेत, रोज काय केले जाते आणि त्या माणसाचे काय होते आहे, एवढे तीन प्रश्न. त्यांची उत्तरे भिंतीवरच्या तसबिरीवरून किंवा हवेच्या गादीच्या किमतीवरून मिळत नाहीत.

प्रथम त्वचा पाहावी. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू. लालसर डागावर बोट दाबून उचलले असता तो क्षणभर पांढरा होत नसेल तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून ऊब आणि ताठरपणा पाहावा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता भिंतीवर हवा आणि त्यावर वेळ व सही हवी. हवेच्या गादीवर भिस्त ठेवून कूस बदलायची सोडणाऱ्यांनी, वीज गेल्यावर त्या गादीचे काय होते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरे, तोंड. जीभ पांढरी, ओठ फुटलेले, दातांना किटण असेल तर मुखशुद्धी होत नाही, असे खुशाल समजावे. तिसरे, आहार. अंथरुणावरच्या माणसाचे वजन घेता येत नाही. पण दंडाचा घेर महिन्याला एकदा टेपने मोजता येतो. चौथे, सांधे. बोटांची मूठ वळून घट्ट झाली असेल, गुडघा सरळ होत नसेल, तर व्यायामाचे वेळापत्रक केवळ कागदावर आहे. पाचवे, औषधे. कोणती गोळी कशासाठी आहे, हे घरातील निदान दोघांना सांगता आले पाहिजे. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा ताप आला, किती वेळा रुग्णालयात न्यावे लागले, याची नोंद पाहिली की पुष्कळसा उलगडा होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या माणसाचा सन्मान. कपडे बदलताना दार लोटले जाते का? त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलले जाते का? स्मृती गेलेल्या आजोबांना नावाने हाक मारतात की ‘हे’ म्हणून दाखवतात? ज्याला मान हलवता येते त्याला ‘आता वळवू का?’ असे विचारतात का? आयुष्यभर पहाटे देवपूजा करणाऱ्या बाईला आज सकाळी आंघोळीआधीच नळीतून दूध दिले जात असेल, तर तिला काय वाटत असेल, याचा विचार कोणी केला आहे का? पैठणच्या नाथमहाराजांची कथा आपल्या या परिसरातलीच. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले कावडीतले पाणी त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. त्या मुक्या जिवाची गरज त्यांनी ओळखली. शुश्रूषेत हेच ओळखणे मोलाचे.

करणाऱ्याचीही विचारपूस

येथे एक धोका आहे, तो टाळला पाहिजे. गुणवत्तेची तपासणी म्हणजे सुनेच्या किंवा मावशीच्या उलटतपासणीची नवी सोय होता कामा नये. आपल्या घरांत सेवेचे पुण्य सर्व कुटुंबाला मिळते आणि कष्ट बहुतांशी एकाच बाईला. ‘आमच्या घराण्यात आम्ही कोणाला वृद्धाश्रमात पाठवत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या पुरुषाने शेवटचे मलमूत्र कधी काढले, हा प्रश्न कुटुंब प्रबोधनाच्या प्रत्येक बैठकीत विचारण्याजोगा आहे. म्हणून तपासणीच्या वहीत एक पान करणाऱ्याचे हवे. सलग सहा तास झोप आठवड्यातून किती रात्री मिळाली? पाठ दुखते का? महिन्यातून एक दिवस तरी घराबाहेर पडता आले का? ज्या घरात या प्रश्नांची उत्तरे वाईट आहेत, त्या घरात आज ना उद्या रुग्णाच्याही पाठीला जखम होणारच.

हाच न्याय ब्युरोतून आलेल्या मावशीला लावला पाहिजे. ती मुकुंदवाडीहून किंवा त्याहून लांबून दोन रिक्षा बदलून येते, बारा तास उभी राहते आणि ब्युरोचा वाटा वजा जाऊन हाती येईल तेवढ्यात आपले घर चालवते. तिचा डबा वेगळा, तिचा पेला वेगळा, तिने बसायचे जमिनीवर, असे ज्या घरात चालते त्या घराने समरसतेवर व्याख्याने ऐकून काय साधले? जिच्या हाती आपण जन्मदात्या आईचा देह सोपवतो, तिला शिकवणे, योग्य मोबदला देणे आणि आठवड्याची सुटी देणे हा शुश्रूषेच्या गुणवत्तेचाच भाग आहे.

आणखी एक घर डोळ्यांसमोर येते. पस्तिशीतला बहुविकलांग मुलगा आणि सत्तरीतले आई-वडील. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा त्यांचा रात्रीचा प्रश्न आहे. त्याचे पूर्ण उत्तर कोणा एकाजवळ नाही. पण त्याला काय आवडते, कोणत्या कुशीवर झोप लागते, घास किती मोठा चालतो, झटका येण्याआधी चेहरा कसा होतो, हे सारे आज फक्त त्या आईला माहीत आहे. ते लिहून ठेवले आणि आणखी दोघा-तिघांना शिकवले, तर पुढे ज्याच्या हाती तो जाईल त्याला निदान सुरुवात तरी करता येईल.

या शहरात काय करता येईल?

१९८९ मध्ये काही ध्येयवादी डॉक्टरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानच्या वतीने येथे डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले, तेव्हा सेवाभाव आणि शास्त्रशुद्ध वैद्यक हातात हात घालून चालू शकतात का, अशी शंका घेणारे होतेच. ते चालू शकतात, हे या शहराने पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली जनकल्याण समिती महाराष्ट्रात ठिकठिकाणी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवते. पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर अल्प मोबदल्यात घरी मिळतात. २००८ पासून ‘सक्षम’ दिव्यांगांमध्ये काम करीत आहे. म्हणजे माणसे आहेत, संस्था आहेत, साहित्यही आहे. प्रश्न फक्त एक धागा ओवण्याचा आहे.

तो धागा साहित्य केंद्राच्या नोंदवहीतच मिळेल. ज्या घरी पलंग गेला त्या घरी अंथरुणाला खिळलेला माणूस आहे. त्या वहीत नाव आहे, पत्ता आहे, अनामत रक्कम आहे, परत करण्याची तारीख आहे. त्यात एकच रकाना वाढवावा: ‘पलंगावरची व्यक्ती कशी आहे?’ त्या कुटुंबाची संमती घेऊन महिन्यातून एकदा दोघांनी तेथे जावे. त्यांपैकी एक जण परिचारिका, निवृत्त परिचारिका किंवा प्रशिक्षण घेतलेली सेविका असावी. वर सांगितलेल्या गोष्टी अर्ध्या तासात पाहून होतात. जे दिसेल ते घरच्यांना समजावून सांगावे, वहीत लिहावे आणि ती वही त्यांच्याच घरी ठेवावी. बाहेर एक शब्द जाता कामा नये. गृहसंपर्क हा आपल्या कार्यपद्धतीचा आत्मा आहे. त्याला हा नवा विषय जोडायचा आहे, एवढेच.

रुग्णालयांनीही घरी सोडण्याचा कागद देण्याआधी एक गोष्ट करावी. घरच्या माणसाकडून नळीतून अन्न देणे, कूस बदलणे, पिशवी रिकामी करणे या गोष्टी परिचारिकेसमोर प्रत्यक्ष करून घ्याव्यात आणि त्या जमल्या तरच सुटी द्यावी. महापालिकेने ब्युरोंची साधी नोंदणी सुरू करावी: माणसाची ओळख, प्रशिक्षणाचा दाखला, तक्रारीसाठी एक क्रमांक. आणि दिव्यांग हक्क कायद्यातील काळजीवाहकाच्या भत्त्याबद्दल लोकप्रतिनिधींना विचारण्याचे काम आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांनी अंगावर घ्यावे. कारण त्याची सर्वाधिक गरज ज्यांना आहे त्यांना पलंग सोडून निवेदन द्यायला जाता येत नाही.

काही जण म्हणतील, आईच्या सेवेत वह्या आणि तक्ते कसले आणता? मीही तसाच विचार करीत होतो. पण ज्या संघटनेत रोजच्या शाखेची संख्या लिहिली जाते, बैठकीत वृत्त दिले जाते आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर समीक्षा होते, त्या संघटनेच्या कार्यकर्त्याला हे नवे वाटू नये. संख्या लिहिल्याने शाखेवरचे प्रेम कमी होत नाही. कोण आले नाही ते कळते आणि त्याच्या घरी जाता येते. परिचारिका ज्या दिवशी येऊन गेली त्याच रात्री आम्ही आईच्या पलंगाशी एक वही टांगली. पहिल्या पानावर पत्नीने लिहिले: रात्री दहा, डावी कूस. त्याखाली मी लिहिले: बारा, उजवी कूस. आई त्यानंतर चौदा महिने होती. पुन्हा तिच्या पाठीला जखम झाली नाही. ती वही अजून घरात आहे. तिच्यात मायेचा एकही शब्द लिहिलेला नाही, पण कोणी विचारलेच तर आम्ही आईसाठी काय केले, हे सांगायला आमच्याजवळ त्या वहीखेरीज दुसरे काही नाही.